दहा घरांच्या चाव्या

इंगळेकाकू कुणाच्याही घरात शिरल्या की आधी चपला काढायच्या, आणि मग बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत. अनवाणी स्वयंपाकघरापर्यंत जायच्या, न्हाणीच्या उंबऱ्यापाशी थोडं थांबायच्या, भिंतीच्या कडेकडेनं परत यायच्या आणि मगच खुर्चीवर टेकायच्या. बघणाऱ्याला वाटावं, बाई घर विकत घ्यायला आल्या आहेत. पण त्यांचं सगळं लक्ष तळपायात असायचं. फरशी कुठं नुसती गार आहे आणि कुठं ओलसर गार, हे त्यांना पायाला कळायचं. चहा पिता पिता सहज म्हणायच्या, "फ्रिजच्या मांगं पाहून घ्या बरं एकडाव." आणि फ्रिजच्या मागं खरोखरच पाणी असायचं.

माझ्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाही त्यांनी असंच केलं आणि मला त्यांचा राग आला. पुढं त्या रागाचा हेवा झाला. काकू गल्ली सोडून गेल्याला आता दोन वर्षं होत आली, माझीही निवृत्ती तोंडावर आली, तेव्हा खरं ते सांगून टाकते. बावीस वर्षं मी त्या बाईवर जळत होते.

आमची गल्ली चिखलीतली, बारा घरांची. नळाला पाणी आठवड्यानं येतं, उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी. नक्की कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे, बाहेरच्या माणसाला ती वेडेपणाची वाटेल. पाणी गेलं तरी आम्ही नळ बंद करत नाही, उघडाच ठेवतो. नळाच्या तोंडाला पाइप आणि पाइपाचं दुसरं टोक रिकाम्या ड्रममध्ये. पाणी आलं की ड्रममध्ये धडधड आवाज होतो आणि घरातलं माणूस हातातलं काम टाकून धावतं. घरात माणूस असेल तर ही रीत चांगली. पण घराला कुलूप लावून सगळे गावाला गेले आणि चार दिवसांपासून कोरडा पडलेला नळ उघडाच राहिला, तर ड्रम भरल्यावर ते पाणी कुठं जाणार, हे सांगायला नको.

म्हणून गल्लीच्या चाव्या इंगळेकाकूंकडे असायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, एका फळीला खिळे ठोकलेले होते आणि त्यांवर दहा घरांच्या चाव्या. प्रत्येक चावीला त्या त्या घरच्या बाईच्या जुन्या साडीची चिंधी बांधलेली, म्हणजे चूक व्हायला नको. कुणी लग्नाला गेलं, कुणी दवाखान्यात अडकलं, आणि तेवढ्यात नळ आले की काकू त्या घरात जायच्या, टाकी भरायच्या, नळ घट्ट बंद करायच्या, फिरून बघायच्या आणि कुलूप लावून परत. बारा घरांपैकी एक त्यांचं स्वतःचं. चाव्या दहा. राहिलेलं घर माझं.

मी शाळेत शिक्षिका. गल्ली मला 'मॅडम' म्हणते. कुणाला अर्ज लिहायचा असो, लग्नपत्रिकेतल्या चुका काढायच्या असोत, पोराचा दाखला अडलेला असो, सगळे माझ्याकडे. काकू चौथी शिकलेल्या, माहेर अमडापूरचं. इंगळेकाका पाणी सोडायच्या कामावर होते. हातातल्या लोखंडी दांडीनं रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवत सायकलवरून हिंडायचे, बोलायचे फार कमी. कागद सगळे माझ्याकडे यायचे आणि विश्वास सगळा तिकडे जायचा. माझ्या समोरच्या सोनुनेवहिनींना मी एकदा अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "चावी माझ्याकडे ठेवत जा ना. मी तर समोरच राहते."

"नाई मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमाले काऊन तकलीफ?"

मला तकलीफ नको म्हणून चावी काकूंकडे. मी हसले, आणि त्या दिवशीची भाजी खारट झाली.

काकूंना हे पाण्याचं कुठून शिकायला मिळालं, तर त्यांच्याच घरी. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. पेरणीसाठी राखून ठेवलेली सोयाबीनची पोती त्यांनी मागच्या खोलीत भिंतीला लावून रचली होती. त्या भिंतीतून टाकीचा पाइप गेलेला आणि त्याचा सांधा आतल्या आत पाझरत होता. वास यायला लागला तेव्हा पोती ओढली, तर मागच्या पोत्यांमधून पांढरे कोंब बाहेर आलेले.

"वावरात पेराच्या आंधी आमची घरातच पेरणी झाली, मॅडम," हे सांगताना त्या पोट धरून हसायच्या. "वरतून पाणी पडलं त निदान आवाज होते. भिंतीतून आलं त ते काईच सांगत नाई."

त्या वर्षी बियाणं पुन्हा जमवायला काय यातायात पडली हे त्या सांगायच्या नाहीत. पण तेव्हापासून त्यांच्या घरात कुठलंही पोतं भिंतीला टेकलं नाही. वीतभर जागा सोडायची, मध्ये हात घालून बघायचं. हळूहळू गल्लीतल्या सगळ्यांचीच पोती भिंतीपासून वीतभर लांब झाली. माझीही झाली, पण मी ती काकू गावाला गेल्या असताना सरकवली.

उन्हाळा लागायच्या आधी त्या कूलर बघायला निघायच्या. कुणी बोलावलेलं नसायचं. कूलरच्या घराकडच्या दोन पायांखाली त्या चपटा दगड सरकवायच्या, म्हणजे तो बाहेरच्या बाजूला किंचित कलतो आणि गळलं तरी पाणी अंगणात पडतं, भिंतीत मुरत नाही. मला ते गावंढळ वाटलं. आमचा कूलर नवा होता. मी गवंड्याकडून त्याची पातळी मोजून घेतली, लेव्हलच्या काचनळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर आला, आणि मी काकूंना तो बोलावून दाखवला. काकू म्हणाल्या, "एकदम सरळ हाय." बस, एवढंच. मे महिन्यात खिडकीखालचा रंग फुगला, जूनमध्ये पोपडे पडले. कूलरखाली दगड मी ठेवला. पण काकूंनी दिलेला नाही, मी आमच्या मळ्यातून दुसरा आणला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं तर अजून आठवतं. त्या वर्षी मी स्टीलच्या वाट्या वाण म्हणून लुटल्या, छान, जड, नावं कोरून घेतलेल्या. वर एक कागदही तयार केला होता, 'घरातील पाणीगळती कशी टाळावी', दहा मुद्दे, सुवाच्य अक्षरात. तो मी वाचून दाखवला. बायका कौतुकानं ऐकत होत्या, एकीनं टाळीही वाजवली. दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेलो तर त्यांनी प्रत्येकीच्या ओटीत तिळगूळ घातला आणि सोबत नळात बसवायची दोन रबरी वायसरं आणि पांढऱ्या टेपची एक गुंडाळी. बायका हसून हसून लाल झाल्या.

"हासा," काकू म्हणाल्या. "वाटी त सगळ्यायच्या घरी हाय. वायसर कोनाच्या घरी हाय ते सांगा."

कुणाच्याच घरी नव्हतं. नळाची कळ जोरानं आवळली तरी थेंब थांबत नाही तेव्हा आतलं वायसर गेलेलं असतं, हे त्यांनी तिथंच एक जुना नळ खोलून बायकांना दाखवलं, हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी. होळीपर्यंत गल्लीतला एकही नळ ठिबकत नव्हता. माझ्या वाट्यांत आता कुणी मेथीदाणे भिजवत असेल, कुणी कुत्र्याला दूध घालत असेल.

मोटारींच्या बाबतीत मात्र त्या हसत नसत. नळाच्या पाइपाला थेट छोटी मोटार लावली की ती लाइनीतलं पाणी ओढते. आपली टाकी पटकन भरते आणि पुढच्या घरांचे नळ कोरडे पडतात. नळ आले की काकू गल्लीतून चालत जायच्या, घराबाहेरच्या पाइपांवर हात ठेवत. मोटार चालू असेल तर पाइप थरथरतो. मग दार वाजायचं. एकदा माझ्याकडे पाहुणे होते, टाकी तळाला गेली होती, मी मोटार लावली. पाचव्या मिनिटाला काकू दारात.

"मॅडम, तुमच्याकडं पाव्हणे हायेत. सोनुनेच्या घरी लेकरं हायेत. बंद करा."

पाहुण्यांसमोर. मी बंद केली. त्या 'बरं' म्हणून गेल्या, कुठं बोलल्या नाहीत, पुढच्या वेळी भेटल्या तेव्हा नेहमीसारख्याच होत्या. मला मात्र ते पुढं कित्येक दिवस गिळवलं नाही. त्याच सुमाराला आम्ही घरासमोर नवा ओटा बांधला. काळा ग्रॅनाइट, तीन पायऱ्या. आमच्या घराचं पाणी बाहेरून बंद करायचा कॉक नेमका मधल्या पायरीत येत होता. काकू म्हणाल्या, "त्याच्यावर फरशी नका टाकू, मॅडम. एखाद्या दिवशी लागंन." गवंडी म्हणाला, झाकण ठेवता येईल. मला त्या चकचकीत पायरीत भोक नको होतं. शिवाय काकूंनी सांगितलं म्हणून तर मुळीच नको होतं. फरशी बसली.

एवढं सगळं मी पचवलं असतं. पण तेजू, माझी मुलगी, पुण्याला नोकरीला लागली आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. एका रविवारी तिचा मला फोन आला की कपडे धुवायच्या मशीनखाली पाणी साचतं, खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला डाग पडलाय आणि ते भांडायला वर आले होते. मी तिला सांगितलं, फोटो काढून ठेव, घरमालकाला लेखी कळव, प्रत जपून ठेव. "हो आई," म्हणाली. तासाभरानं मी हळद मागायला काकूंकडे गेले तर स्वयंपाकघरातून तेजूचा आवाज. काकूंनी फोन डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यात माझी मुलगी जमिनीवर आडवी होऊन मशीनच्या मागं बघत होती.

"आता कोयडा कागद ठेव," काकू सांगत होत्या. "पेपर हाय ना? एक नळाखाली, एक पाइपाच्या सांध्याखाली, एक मशीनच्या बुडाशी. अन् हात नको लावू. कोनता आंधी ओला होते ते पाहा."

"काकू, सांध्याखालचा भिजून राह्यला."

"मंग मशीन चांगली हाय. पाइप गेला. नवा आन, अन् धुनं झालं का नळ बंद करत जा. मशीन बंद असली तरी पाइपात पाणी जोर करत रायते."

माझ्याशी पुण्याच्या सुरात 'हो आई' म्हणणारी माझी मुलगी त्यांच्याशी गल्लीतलं बोलत होती. मी दारातच उभी होते. हळद न मागता परत आले. त्या दिवशी मला काकूंचा जेवढा हेवा वाटला तेवढा आयुष्यात कुणाचा वाटला नाही. चाव्या त्यांच्याकडे असू देत, नळ त्यांना कळू देत. पण माझी पोर?

दोन आठवड्यांनी माझ्या भाच्याचं लग्न होतं, धामणगाव बढ्याला, माझ्या माहेरी. दोन दिवसांचं जाणं. निघताना काकू त्यांच्या ओट्यावर गहू निवडत होत्या. "चावी ठेवता का, मॅडम?" त्यांनी विचारलं. याआधी त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"नको," मी म्हणाले. "मी सगळं बंद केलंय."

आणि मी खरंच केलं होतं. गॅस, गीझर, टीव्हीचं बटण, मशीनचा नळ. न्हाणीबाहेरच्या ड्रमपाशीही जाऊन बघून आले होते. पाणी येऊन चारच दिवस झाले होते, नळ नि पाइप कोरडे ठक्क. कोरडा नळ उघडा आहे की बंद हे नुसतं बघून कळत नाही, फिरवून बघावं लागतं. मी फिरवून बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, कुणाच्या ध्यानीमनी नसताना नळ आले. आमचा ड्रम भरला, वाहायला लागला, पाणी पॅसेजमधून बैठकीत आलं आणि पुढच्या दाराखालून त्या काळ्या पायऱ्यांवर उतरलं. मी मांडवात होते, फोन पर्समध्ये, पर्स वहिनीच्या खोलीत. बँडसमोर आमच्या यांनाही रिंग ऐकू गेली नाही. जेवताना बघितलं तर चौदा कॉल.

पुढचं मला सोनुनेवहिनींनी सांगितलं. सगळी गल्ली आमच्या दारात जमली. बाहेरचा कॉक बंद करायला गेले तर त्यावर ग्रॅनाइट. इंगळेकाका केव्हाच निवृत्त झालेले, रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवायची दांडीही आता त्यांच्याकडे नव्हती. कुणीतरी म्हणालं, कुलूप तोडू. काकूंनी अडवलं.

"मॅडमनं चावी देली नाई. मंग कुलूप तोडाचा हक आपल्याले नाई." असं म्हणून त्या वळल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मोटारी लावा. सगळे."

आधी कुणाला खरं वाटेना. मग माळ्यावरून, पोत्यांखालून, देव्हाऱ्याच्या मागून मोटारी निघाल्या. कुणाकडे मोटार आहे आणि ती कुठं लपवली आहे, हे काकूंना घरागणिक ठाऊक होतं. दोन्ही बाजूंच्या घरांनी एकदम पाणी ओढायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत माझा नळ कोरडा पडला. नळ जाईपर्यंत तासभर त्यांनी कुणालाही मोटार बंद करू दिली नाही. टाक्या भरल्या, ड्रम भरले, पातेली, बादल्या, कळशा भरल्या. काकूंच्या स्वतःच्या घरी मोटार नव्हती. त्या दिवशी गल्लीत सगळ्यात कमी पाणी त्यांना मिळालं.

आम्ही संध्याकाळच्या आत पोचलो. मी कुलूप उघडलं तेव्हा बायका झाडू घेऊन तयार होत्या. पाणी दोन बोटं साचलेलं. दिवाणाचं प्लायवूड खालून फुगलं होतं, तेजूच्या लहानपणीचा एक अल्बम चिकटून गेला होता. गहू भिंतीपासून वीतभर लांब आणि पाटावर, म्हणून वाचला. तो तासभर माझा नळ चालू राहिला असता तर काय उरलं असतं, ते सांगता येत नाही. काकू पदर खोचून कोपऱ्यातलं पाणी दाराकडे लोटत होत्या. 'मी सांगितलं होतं' म्हणाल्या असत्या तर फार बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "नवरीकडचे लोक बरे हायेत का?"

मला कृतज्ञ वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर, अंथरुणं उन्हात टाकताना. त्या वेळी, हातात झाडू घेऊन, माझ्या मनात एवढंच आलं की या बाईनं माझं घर वाचवलं आणि त्यासाठी तिला माझी चावीसुद्धा लागली नाही.

सोमवारी मी चावी नेऊन दिली. हिरव्या चिंधीसाठी साडीचा काठही नेला होता. काकूंनी अकरावा खिळा ठोकला. मधली पायरीही मी फोडून घेतली. तिथं आता लोखंडी झाकण आहे, दिसायला वाईट आहे.

पुढं चारेक वर्षांनी इंगळेकाकांची तब्येत बिघडली. दर आठवड्याला डॉक्टरकडे नेणं भाग पडायला लागलं, तेव्हा अकोल्याचा मुलगा दोघांना घेऊन जायला आला. काकू दोन दिवस घरोघर चाव्या परत करत हिंडत होत्या. मी मनाशी हिशेब करत होते की या चाव्या आता कुणाकडे जातील, आणि समोर राहणारी, शिकलेली, वक्तशीर अशी बाई गल्लीत एकच होती. पण प्रत्येकानं आपापली चावी घेतली आणि आपल्याच घरात ठेवली. कुणी माझ्या दारात आलं नाही.

शेवटी काकू आल्या. चपला काढल्या, घरातून फिरून आल्या, बसल्या. हिरव्या चिंधीची चावी माझ्या हातात ठेवली. मग कमरेची दुसरी काढली.

"अन् हे आमची. ठेवान का?"

"माझ्याकडे?" मी म्हणाले. "सोनुनेवहिनी तर तुमच्या भिंतीला भिंत लागून आहेत."

"त्यायच्या घरात कधी पाणी घुसलं नाई," काकू म्हणाल्या. "ज्याच्या घरात एकडाव घुसलं ना मॅडम, थो मंग झोपीतबी नळ फिरवून पाह्यते."

हे कौतुक होतं की माझी चूक माझ्याच पदरात बांधणं होतं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. चावी मी घेतली. उजव्या हातानं घेतली आणि मूठ मिटली.

सकाळी रिक्षा आली. काकांना आत बसवलं, पेट्या मागं बांधल्या. बायका रडत होत्या, मीही थोडी रडले. रिक्षा सुरू झाली तशी काकूंनी डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "मॅडम हायेत. मले घराची फिकर नाई."

सोनुनेवहिनींनी डोळे पुसता पुसता माझ्याकडे बघितलं. "चावी तुमच्यापाशी देली का काकूनं?" त्यांनी विचारलं. साधंच विचारलं, म्हणजे साधं वाटावं असं विचारलं. तो आवाज मी लगेच ओळखला. बावीस वर्षं तो माझ्याच गळ्यात होता.

मला त्यांच्यासाठी वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रिक्षा कोपऱ्यावर वळत होती, आणि मला एवढंच वाटत होतं की काकूंनी पुन्हा एकदा डोकं बाहेर काढावं आणि तेच, जरा मोठ्यानं, म्हणावं.